दहा प्लॉट आणि एक सरासरी

बीड जिल्ह्यातील दोन शेते. बांधाला बांध, जमीन सारखी, सोयाबीनही एकाच वाणाचे. मात्र तो बांध दोन महसूल मंडळांची सीमा आहे. एका शेतकऱ्याला विमा मिळतो, दुसऱ्याला नाही. कारण विचारले तर उत्तर येते, "तुमच्या मंडळाची सरासरी जास्त आली." आमचा आक्षेप या उत्तरावर आहे.

पंतप्रधान पीक विमा योजनेत मंडळ हा घटक असेल, तर प्रमुख पिकाचे किमान १० पीक कापणी प्रयोग करावे लागतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाहून जितके टक्के कमी, तितके टक्के विमा रकमेची भरपाई. (काही पिकांत उपग्रहावरून काढलेला अंदाजही मिसळतात, तो येथे बाजूला ठेवू.)

कल्पित आकडे घेऊ. दोन्ही मंडळांचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल. सरासरी आली ९.५ आणि १०.५. दहा प्लॉटमधील प्रमाण विचलन दोन्हीकडे ३. प्रमाण त्रुटी म्हणजे ३ भागिले १० चे वर्गमूळ, सुमारे ०.९५. आता विद्यार्थी हमखास चुकतात ती जागा: सरासऱ्या वजा केल्या तरी त्रुटी वजा होत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. ते येते १.३४. फरक मात्र १ क्विंटलच! एका प्रमाण त्रुटीएवढाही नाही. त्यावरून मंडळे सारखी आहेत असे सिद्ध होत नाही. पण वेगळी आहेत असे म्हणायलाही आधार उरत नाही.

पैशात पाहा. पहिल्या मंडळाला ५ टक्के भरपाई. खरी सरासरी एका त्रुटीने खाली, ८.५५ असेल तर हक्क साडेचौदा टक्क्यांचा. तेवढीच वर असेल तर शून्य. शेतकऱ्याच्या हाती पडणारा आकडा एवढा डळमळीत असताना तो त्रुटीविना जाहीर करणे आम्हाला गैर वाटते. त्रुटी निम्मी करायची तर प्लॉट चाळीस लागतील. खर्च वाढेल हे मान्य. पण सरासरीशेजारी त्रुटी छापायला खर्च येत नाही.

अर्थात, प्लॉट यादृच्छिक निवडलेले असतील तरच हे गणित चालते. एकाच बाजूला झुकलेली चूक प्लॉट वाढवून जात नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवले होते, की प्लॉट फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते.