बोटांखालची वर्णमाला

डाव्या हाताचं मधलं बोट कीबोर्डवर जिथे आपोआप टेकतं, त्या इंग्रजी ‘डी’च्या कळीपासून सुरुवात करू. संगणकावर मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालू केला की ही कळ नुसती दाबल्यावर आधीच्या अक्षराचा पाय मोडते, म्हणजे त्यातला ‘अ’ काढून घेते. शिफ्टसह दाबली तर ‘अ’ उमटतो. काढून घेणारी आणि देणारी कळ एकच. आता तेच बोट वरच्या ओळीत, इंग्रजी ‘ई’वर न्या. तिथे काना आहे, आणि शिफ्ट धरली तर ‘आ’. एका बोटाच्या वाट्याला अ आणि आ, एकाखाली एक.

शेजारी उजवीकडे सरका. ‘एफ’वर पहिली वेलांटी, तिच्या डोक्यावर ‘आर’वर दुसरी. ‘जी’वर पहिला उकार, त्याच्या वर ‘टी’वर दुसरा. डावीकडे ‘एस’वर एक मात्रा, वर ‘डब्ल्यू’वर दोन. करंगळीखाली ‘ए’वर कान्यासह एक मात्रा, वर ‘क्यू’वर कान्यासह दोन. प्रत्येक ठिकाणी शिफ्ट धरली की त्या खुणेचा पूर्ण स्वर मिळतो. अ आ, इ ई, उ ऊ, ए ऐ, ओ औ: पहिलीच्या वर्गात तालावर म्हटलेल्या पाच जोड्या, डाव्या हाताच्या पाच उभ्या रांगा. जोडीतला पहिला स्वर बोटांच्या घरात, दुसरा एक घर वर. ही रचना पहिल्यांदा नीट कळली तेव्हा मी टायपिंग थांबवून नुसता कीबोर्डकडे पाहत बसलो होतो. कवितेत शब्दाची जागा बदलली तर अर्थ ढळतो असं आपण म्हणतो. इथे कळीची जागा बदलली तर विचार ढळेल, इतकं हे बांधून काढलेलं आहे.

उजव्या हाताकडे तर याहून मोठी मौज आहे. ‘के’वर क, शिफ्टसह ख. त्याच्या वरच्या ‘आय’वर ग, शिफ्टसह घ. एका बोटाखाली सबंध कवर्ग, फक्त ङ सोडून. पुढच्या बोटाला ‘एल’ आणि ‘ओ’वर त थ द ध. करंगळीला अर्धविरामाच्या आणि ‘पी’च्या कळीवर च छ ज झ. तिच्याही पुढे अवतरणचिन्ह आणि चौकटी कंस यांच्या कळींवर ट ठ ड ढ. तर्जनीने आत सरकून ‘एच’ आणि ‘वाय’वर प फ ब भ. पाच वर्ग, पाच रांगा. कठोर वर्ण खाली, मृदू वर्ण वर. महाप्राण हवा असेल तर शिफ्ट. ख, घ, छ, झ म्हणताना तोंडातून जास्तीचा श्वास सुटतो, तो इथे बोटाच्या जास्तीच्या दाबाने येतो. आपल्या शिक्षाकारांनी, म्हणजे उच्चारशास्त्र लिहिणाऱ्यांनी, उच्चाराच्या स्थानावरून आणि प्रयत्नावरून वर्ण लावले. ती मांडणी शाळेत तक्ता म्हणून भिंतीवर टांगली जाते आणि तिथेच राहते. इन्स्क्रिप्टने ती भिंतीवरून उतरवून हाताखाली आणली.

म्हणूनच हा कळफलक पाठ करावा लागत नाही. पन्नास जागा लक्षात ठेवायच्या म्हटलं तर माणूस पहिल्या संध्याकाळीच सोडून देईल. पण क कुठे आहे हे कळलं की ख, ग, घ कुठे असणार हे विचारायची गरज उरत नाही. इंग्रजीच्या मांडणीत असा आधार नाही. ती १८७०च्या दशकात टंकलेखन यंत्राच्या निमित्ताने घडली, आणि शेजारच्या दोन अक्षरांचं उच्चाराचं नातं शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी प्रमाण म्हणून ठरवली, १९८८ मध्ये सुधारली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १३१९४’ या मानकात ती आली. याच मानकातल्या ‘इस्की’ या सांकेतिक पद्धतीच्या १९८८च्या आवृत्तीवर युनिकोडचा देवनागरी विभाग बेतलेला आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं भारतीय लिप्यांचं काम या सगळ्याच्या मुळाशी आहे. आज मोबाइलवर मराठी वाचणाऱ्या कोणालाही त्या कामाचं ऋण लागतं.

विंडोज २००० पासून हा कळफलक विंडोजमध्ये आहे. विकत घ्यायचा नाही, उतरवून घ्यायचाही नाही. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा हा भाग उघडा, भाषांमध्ये मराठी जोडा, एवढंच काम. यादीत दोन मराठी कळफलक दिसले तर ‘फोनेटिक’ लिहिलेला सोडून दुसरा घ्या. मग विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजीतून मराठीत आणि परत. अक्षरं दिसत नाहीत म्हणून अडलात तर विंडोज, कंट्रोल आणि ‘ओ’ एकदम दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि त्याच्या कळींवर मराठी अक्षरं असतात. कळींवर चिकटवायचे स्टिकर मिळतात, पण ते घेऊ नयेत असं मी आग्रहाने सांगेन. स्टिकरमुळे नजर खाली जाते, आणि ही मांडणी नजरेसाठी केलेलीच नाही.

ती कानासाठी केलेली आहे. ‘किती’ लिहून पाहा. आधी क, मग पहिली वेलांटी, मग त, मग दुसरी वेलांटी. पडद्यावर पहिली वेलांटी उडी मारून क-च्या आधी जाऊन बसते, कारण लिपीची रीत तशी आहे. हात मात्र उच्चाराच्या क्रमाने गेला. टंकलेखन यंत्रावर मराठी शिकलेल्या पिढीची सवय उलटी. तिथे वेलांटी दिसते आधी म्हणून दाबायची आधी, आणि भ किंवा श काढायचा तर अर्धं अक्षर आणि त्याला वेगळी उभी रेघ. यंत्र कागदावर आकार उठवत होतं, तेव्हा तेच बरोबर होतं. संगणकात मात्र अक्षराचा आकार दाखवणं हे फॉन्टचं काम आहे आणि साठवला जातो तो वर्णांचा क्रम. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चित्रविचित्र चिन्हं दिसायची, पानावर कंट्रोल-एफ करून एक शब्द सापडायचा नाही, त्याचं कारण आकारच साठवले जात होते.

उच्चाराच्या क्रमाने अक्षर कसं उभं राहतं ते पाहायला ‘ज्योत्स्ना’सारखा शब्द नाही. ज दाबा. पाय मोडा, ज् दिसतो. य दाबताच दोघं जुळून ज्य होतं. कान्यासह मात्रा: ज्यो. मग त, पाय मोडा, स, पाय मोडा, न, काना. दहा वेळा बोटं पडली, त्यात तीनदा ‘डी’. प्रत्येक टप्प्यावर पडद्यावरचं अक्षर रूप बदलत जातं, अर्ध्याला दुसरं भिडतं, आणि शेवटच्या कान्यासरशी शब्द पुरा होतो. जोडाक्षर हे मुलांना भीती घालणारं प्रकरण असतं. एखाद्या चौथीतल्या मुलाला हे एकदा शेजारी बसवून दाखवावं. जोडाक्षर म्हणजे ‘अ’ गमावलेलं व्यंजन पुढच्याला टेकतं, हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी इतकं स्वच्छ कळत नाही.

बरेच लोक आज रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि मशीनला त्याची देवनागरी करायला सांगतात. त्यांना नावं ठेवण्याचं मला कारण नाही, मराठी लिहिली जाते आहे हेच मोलाचं. पण के-ए-एल एवढं लिहून थांबा आणि मशीनने काय समजावं ते सांगा. काल, काळ, कल की कळ? मशीन अंदाज करतं, तुम्ही यादीतून निवडता, आणि घाईत असलात तर जे समोर आलं ते जाऊ देता. इन्स्क्रिप्टमध्ये अंदाजाला जागाच नाही. ल ‘एन’वर, आणि त्याच कळीवर शिफ्टसह ळ. काना दाबला तर आहे, नाही दाबला तर नाही. ल आणि ळ यांचा गोंधळ लिहिताना का होतो, याचं एक उत्तर मला इथे दिसतं: निवड आपण दुसऱ्यावर सोडली आहे.

आणि मग ती कळ, जिच्यासाठी मी हा कळफलक सोडणार नाही. ‘जे’वर र आहे. शिफ्टसह त्याच कळीवर ऱ. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात आडवा कललेला, पापणीच्या केसासारखा. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीचं त्यावाचून अडतं. इन्स्क्रिप्टमध्ये ‘दर्या’साठी द, र, पायमोड, य, काना. ‘दऱ्या’साठी तेच पाच ठोके, फक्त दुसऱ्याला शिफ्ट. समुद्र आणि डोंगर यांच्यात एका शिफ्टचं अंतर. एवढा सूक्ष्म भेद इतक्या कमी खर्चात सांभाळणारी दुसरी सोय मला माहीत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. ही मांडणी सबंध भारतासाठी केली गेली आणि त्याची किंमत मराठीने थोडी मोजली आहे. ण हे अक्षर म-च्या कळीवर, म्हणजे ‘सी’वर, शिफ्टसह आहे. म आणि ण दोन्ही अनुनासिक असले तरी एका वर्गातले नाहीत. शिवाय मराठीला ण पदोपदी लागतो. ‘आणि’ हा आपला घडीघडीचा शब्द, आणि त्यासाठी शिफ्ट दोनदा धरावी लागते: एकदा आ-साठी, एकदा ण-साठी. खालच्या ओळीत एकूणच शिस्त सैल होते. म, न, व डाव्या हाताकडे आले आहेत, त्यामुळे ‘नाव’ किंवा ‘मन’ लिहिताना उजवा हात रिकामा बसतो. उजव्या करंगळीवर भार जास्त आहे: च छ ज झ, ट ठ ड ढ आणि शिवाय य. अंकांच्या ओळीतली क्ष, ज्ञ, त्र, श्र ही तर नुसती लक्षात ठेवायची गोष्ट, तिथे तर्क चालत नाही. ‘ॲप’मधला ॲ हा युनिकोडमध्ये २००८ साली आला, तोवर अ-वर चंद्र देऊन भागवलं जात होतं. आजही दोन्ही रूपं दिसायला सारखी आणि साठवणीत वेगळी आहेत, त्यामुळे एका रूपाने शोधलं तर दुसऱ्या रूपातला शब्द निसटू शकतो.

ती किंमत कशासाठी मोजली तेही पाहू. कन्नड, गुजराती, बंगाली, तेलुगू, तमिळ, कोणताही इन्स्क्रिप्ट कळफलक लावा, ‘के’वर क-च असतो. बेळगावात किंवा बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला कन्नड बोलता येत असेल, तर त्याच्या बोटांना कन्नड टाइप करायला फारसं वेगळं काही शिकावं लागणार नाही. तमिळला ख, ग, घ ही वेगळी अक्षरं नाहीत, तर तिथे त्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. उलट आपल्या देवनागरीच्या आराखड्यात दक्षिणेकडचे ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांना कोपऱ्यातल्या कळी दिलेल्या आहेत, तमिळ ऴ-लाही जागा आहे. मराठी लिहिताना या अक्षरांना आपलं बोट कधी लागत नाही. तरीही तमिळ नाव देवनागरीत तंतोतंत लिहायची वेळ आली तर सोय आहे. सगळ्या भारतीय लिप्यांचा वर्णक्रम एक, हे वाक्य आपण भाषणांत ऐकतो. इथे ते वापरता येतं.

शिकायचं असेल तर पहिल्या दिवशी फक्त मधली ओळ घ्या. बोटं मधल्या ओळीबाहेर न नेता ‘करतो’, ‘पुरते’, ‘टोक’, ‘पत्र’, ‘चित्र’, ‘कुत्रे’ हे शब्द होतात. दुसऱ्या दिवशी फक्त वरची ओळ: ‘बाबा’, ‘दादा’, ‘गादी’, ‘गाडी’, ‘बाजू’. मधल्या ओळीत जोडीतला पहिला स्वर आणि कठोर वर्ण, वरच्या ओळीत दुसरा स्वर आणि मृदू वर्ण, हे बोटांना न सांगता कळतं. तिसऱ्या दिवशी शिफ्ट: ‘ढग’, ‘झाड’, ‘घोडा’. म, न, व, ल, स, य यांची सगळ्यांत खालची ओळ शेवटी घ्या, कारण ती सवयीनेच येते. अंकांच्या ओळीतल्या जोडाक्षरांच्या मागे लागूच नका. क-चा पाय मोडून ष लावला की क्ष होतो, त-चा पाय मोडून र लावला की त्र, आणि श-चा पाय मोडून र लावला की श्र.