दोन निरोप

ज्या इमारतीत खाली बिअर मिळते आणि वर इतिहास, तिला गुत्ता म्हणावं की संग्रहालय, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो. न्यूयॉर्कमधलं फ्रॉन्सेस टॅव्हर्न हे असं ठिकाण आहे. १७१९ सालचं घर. १७६२ मध्ये सॅम्युअल फ्रॉन्सेसनं विकत घेऊन तिथं टॅव्हर्न थाटलं. पुढं आगी लागल्या, मजले चढले, आणि १९०७ साली जुन्या रूपाचा अंदाज बांधून इमारत पुन्हा सजवली. आमच्या बँकेत कर्जाचं नूतनीकरण होतं, तसंच हे. मूळ मुद्दल किती उरलं, ते विचारायचं नसतं!

वरच्या 'लाँग रूम'मध्ये ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टननं आपल्या लष्करी अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. आमच्याकडे निरोपसमारंभाला शाल, नारळ आणि बटाटेवडा असतो. इथं वाइन आणि अश्रू होते. "काका, इथं उभे राहा, फोटो काढतो," पुतण्या म्हणाला. सगळे तिथंच उभे राहतात.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. आम्ही कारकून माणसं. अश्रूंपेक्षा आमचा रजिस्टरवर विश्वास. त्याच वर्षी मे ते नोव्हेंबर, बुधवारी, याच टॅव्हर्नमध्ये एक समिती बसे. मालकाला सोडून इंग्रजांकडे आलेल्या काळ्या गुलामांना स्वातंत्र्याचं वचन होतं. मालक मात्र हक्क सांगायला हजर! त्याचा निवाडा इथं होई. काही सुटले, काही परत मालकाच्या ताब्यात गेले. जहाजानं न्यूयॉर्क सोडणाऱ्या सुमारे ३,००० जणांची नोंदवहीही झाली: नाव, वय, वर्णन, जहाज, पूर्वीचा मालक. एरवी मालमत्तेच्या यादीत असणारी माणसं इथं प्रवासी म्हणून लिहिली गेली. कारकुनाच्या टाकानं याहून मोठं काम क्वचितच केलं असेल.

या निवाड्यांची माहिती संग्रहालयानं मांडली आहे. ती त्याच्या जमेला धरू. पण गर्दी टेबलापाशीच. म्हणून माझी नम्र सूचना अशी, की त्या टेबलावरचे पेले थोडे बाजूला सारून नोंदवहीच्या एका पानाची नक्कल ठेवावी. पान कोणतं, तेही सांगतो. हॅरी वॉशिंग्टन, वय ४३. पूर्वीचा मालक, जनरल वॉशिंग्टन! या हॅरीनं साहेबांचा निरोप सात वर्षं आधीच घेतला होता. समारंभ न करता.