संगणकीय नादाची पाठचिकित्सा

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ग्रंथकाराचा दोष आणि लेखनिकाचा दोष यांत भेद करावा लागतो. एखाद्या श्लोकात छंद मोडला असेल तर तो नक्कल करणाऱ्याच्या हातून मोडला की कवीनेच तसा सोडला, याचा निर्णय झाल्याखेरीज पाठ ठरत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तिच्यातील बहुतेक श्रम याच निर्णयापायी पडले आहेत. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र असा विवेक फारसा केला जात नाही. तबकडीवर जे ऐकू येते तेच मुळात वाजले होते, असे गृहीत धरून पुढची सारी चर्चा चालते. संगणकाने उत्पन्न केलेल्या नादाचे उदाहरण या गृहीताची परीक्षा घेण्यास विशेष सोयीचे आहे. कारण तेथे नाद घडविणारी आज्ञावली काटेकोर असते आणि तो नाद टिपणारी व घरोघरी ऐकविणारी साधने मात्र मोठी बेभरवशाची असतात.

प्रथम मँचेस्टरचे उदाहरण घ्यावे. १९५१ च्या शरद ऋतूत बीबीसीच्या फिरत्या पथकाने मँचेस्टर येथील गणकयंत्र प्रयोगशाळेत जाऊन फेरांटी मार्क १ या यंत्राचे वादन एका बारा इंची ॲसिटेट तबकडीवर मुद्रित केले. तीत तीन धुना आहेत : ब्रिटिश राष्ट्रगीत, मुलांचे एक बडबडगीत आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका नृत्यधुनेचा तुकडा. राष्ट्रगीताची आज्ञावली क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी रचिली होती. तिसऱ्या धुनेत यंत्र मध्येच अडखळते आणि जमलेली मंडळी हसतात, तेही तबकडीवर उमटले आहे.

या यंत्राचा स्वर कसा निघे हे समजून घेणे अगत्याचे आहे. यंत्रात एक भोंगा होता. त्याला एकेक आज्ञा दिली की एकेक टक असा आवाज होई. ती आज्ञा पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने दिली की त्या टकांचा मिळून एक सलग स्वर ऐकू येई. अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी या यंत्राच्या वापराची जी मार्गदर्शिका लिहिली, तीत ही युक्ती सांगितली आहे. यंत्राचा प्रत्येक व्यवहार एका ठोक्याला बांधलेला होता आणि तो ठोका ०.२४ सहस्रांश सेकंदाचा होता. आठ ठोक्यांचे आवर्तन घेतले तर सुमारे ५२१ कंपनांचा स्वर मिळे, नऊ ठोक्यांचे घेतले तर सुमारे ४६३ कंपनांचा. या दोहोंच्या मधला कोणताही स्वर त्या यंत्राला काढता येणे शक्य नव्हते, कारण अर्धा ठोका ही वस्तूच तेथे नव्हती. या दोन स्वरांतील प्रमाण नऊ-अष्टमांश, म्हणजे आपल्या शास्त्रातील चतुःश्रुती अंतर होय. खालच्या पट्टीत पायऱ्या जवळ येतात : वीस ठोक्यांना सुमारे २०८ कंपने, एकवीस ठोक्यांना १९८. तात्पर्य, हे यंत्र स्वभावतःच किंचित बेसूर होते आणि पट्टी जितकी वरची तितका त्याचा बेसूरपणा अधिक.

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे जॅक कोपलँड आणि संगीतकार जेसन लाँग यांनी २०१६ साली या मुद्रणाची तपासणी केली, तेव्हा त्यांना तबकडीवर काही ‘अशक्य’ स्वर आढळले. म्हणजे ठोक्यांच्या कोणत्याही पूर्ण संख्येशी न जुळणारे. जे यंत्राला काढता येत नाही ते यंत्राने काढलेले नाही, हे उघड आहे. तेव्हा दोष मुद्रणाचा. तबकडी कोरणारे साधन बहुधा नियत गतीहून अधिक वेगाने फिरत असावे आणि शिवाय ती गतीही स्थिर नसावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग यंत्राच्या संभाव्य स्वरांच्या कोष्टकाशी ताडून त्यांनी गतीचा फरक मोजला, तो भरून काढला, गतीतील हेलकावे सपाट केले आणि खरखर कमी केली.

या कार्याचे मोल ठरविताना एक गोष्ट विसरता कामा नये. संशोधकांनी धून सुरेल केली नाही. तसे करणे अगदी सोपे होते. राष्ट्रगीताचे स्वर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु सुरेल पाठ हा येथे भ्रष्ट पाठ ठरला असता. लेखनिकाचा बेसूरपणा काढून टाकायचा आणि ग्रंथकाराचा बेसूरपणा अक्षरशः राखायचा, हा विवेक त्यांनी पाळला, यातच त्या संपादनाची शास्त्रीयता आहे. तथापि यंत्राचा खरा आवाज आता ऐकावयास मिळाला, असे जे या पुनर्रचनेविषयी म्हटले गेले ते अर्धेच खरे मानले पाहिजे. स्वरांची उंची मूळची आहे, नादाची जात मात्र मूळची नाही. भोंग्याचा आवाज ध्वनिग्राहकाने कसा टिपला, ॲसिटेटने त्यातील किती गिळला, खरखरीबरोबर त्याचा कोणता अंश गेला, हे ठोक्यांचे कोष्टक सांगू शकत नाही. पदे निश्चित झाली, पण उच्चार हरवला, अशी ही अवस्था आहे.

हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला या प्रकरणाचा काहीसा हेवाच वाटावा. १९०२ पासून आपल्याकडे निघालेल्या जुन्या तबकड्यांची फिरण्याची गती एकसारखी नव्हती आणि त्यामुळे अमुक गायक कोणत्या पट्टीत गात असे याविषयी तबकडीवरून केलेले विधान नेहमीच डळमळीत राहते. गायकाचा षड्ज कोणत्याही ठोक्याला बांधलेला नसतो, त्यामुळे तेथे ‘अशक्य’ स्वर सापडत नाही. साथीच्या पेटीचा आधार घ्यावा, तर पेटी कोणत्या सुराला लावली होती हाच प्रश्न उरतो. मँचेस्टरच्या यंत्राचे दारिद्र्य हेच त्याच्या संपादकाचे भांडवल ठरले.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडले. सिडनी येथील सीएसआयआर मार्क १ या यंत्राने १९५१ च्या सुमारासच धुना वाजविल्या होत्या, पण त्यांचे ध्वनिमुद्रण कोणी केले नाही. मागे राहिल्या त्या कागदी फितींवरील आज्ञावल्या. पॉल डोर्नबुश यांनी त्यांवरून त्या वादनाची पुनर्रचना केली. एकीकडे नुसता ध्वनी, दुसरीकडे नुसती लिपी. या दोन टोकांमध्ये कोठेतरी घरगुती संगणकाचे संगीत येते, आणि खरी गुंतागुंत तेथेच आहे.

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली निघाला. त्यात रॉबर्ट यानेस यांनी योजिलेली, सिड ६५८१ या नावाची ध्वनिचिप होती. तीन स्वतंत्र आवाज, प्रत्येक आवाजाचे निरनिराळे तरंगरूप आणि या आवाजांना हवे तेव्हा लावता येणारी एक गाळणी, एवढी तिची सामग्री. रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे इत्यादी संगीतकारांनी खेळांच्या निमित्ताने तिच्यासाठी जे संगीत रचले, त्याचा चाहता वर्ग आजही मोठा आहे. हे संगीत मुद्रित ध्वनीच्या रूपाने नव्हे, तर आज्ञावलीच्या रूपाने घरी येई आणि श्रोत्याचा संगणक ते नव्याने वाजवी. म्हणजे घरोघरी नक्कल पोचत नव्हती, मूळ संहिताच पोचत होती. असे असता पाठभेदाला वाव नाही, असे कोणासही वाटेल.

प्रत्यक्षात पाठभेद विपुल आहेत. त्यातला एक मुळातलाच. युरोपातील दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीसाठी बनविलेल्या यंत्राचे घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देई, तर अमेरिकी यंत्राचे सुमारे १०,२२,७२७. आज्ञावलीतील आकडे तेच, परंतु ब्रिटनमध्ये रचलेली धून अमेरिकेतील घरी एका अर्धस्वराहून काहीशी कमी वर चढे. शिवाय बहुतेक धुनांची लय पडद्यावरील चित्राच्या आवर्तनांना जोडलेली होती. ती युरोपात सेकंदाला पन्नास आणि अमेरिकेत साठ. त्यामुळे लयही एक-पंचमांशाने वाढे. विलंबित चालीची धून एवढ्याने द्रुत होत नाही, पण तिचा डौल बदलतो. हा भेद निदान मोजता येतो आणि म्हणून दुरुस्तही करता येतो.

गाळणीचे तसे नाही. ती अंकीय नसून सदृश स्वरूपाची होती आणि चिप घडविताना होणाऱ्या सूक्ष्म फरकांमुळे प्रत्येक नगाची गाळणी निराळी निघे. आज्ञावलीत लिहिलेल्या एकाच आकड्याने एका घरी आवाज उजळ निघे, तर शेजारच्या घरी तोच घोगरा आणि दबलेला. संगीतकार आपल्या टेबलावरील नगाच्या आवाजावर कान ठेवून आकडे बसवी. त्याचा नग त्याच्यापाशीच राही, आकडे मात्र सर्वत्र जात. भरीस भर म्हणजे हा आवाज बहुधा दूरचित्रवाणी संचाच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून ऐकला जाई आणि तेथे खर्जाची वाट लागे.

याहून विलक्षण प्रकार ध्वनिपातळीच्या नियंत्रणाचा आहे. ६५८१ मध्ये एक दोष होता : आवाजाची पातळी बदलताच एक सूक्ष्म टक ऐकू येई. रचनाकारांनी हा दोषच हाताशी धरला. पातळी अतिशय वेगाने बदलून त्या टकांतून त्यांनी तबल्यासारखे ठोके आणि मानवी आवाजाचे तुकडेही काढले. गॅलवे यांच्या १९८७ मधील ‘आर्कनॉइड’च्या संगीतात या युक्तीचा वापर आहे. पुढे ८५८० ही सुधारलेली चिप आली, तिच्यात हा दोष जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याबरोबर ते ठोकेही विरून गेले. निर्मात्याच्या दृष्टीने जी दुरुस्ती, ती श्रोत्याच्या दृष्टीने पाठलोप ठरली. मँचेस्टरच्या प्रकरणी लावलेला निकष, म्हणजे साधनाचा दोष वगळावा आणि आज्ञावलीचा आशय राखावा, येथे लावला तर संगीताचा प्राणच वगळला जाईल. येथे साधनाचा दोष हा रचनेचाच भाग आहे.

घरगुती साधनांपैकी कॅसेट टेपरेकॉर्डरचे स्थान येथे अगदीच वेगळे. सिंक्लेअर स्पेक्ट्रमसारख्या यंत्रांना आज्ञावली पुरविण्याचे काम घरातला साधा टेपरेकॉर्डर करी. संपूर्ण आज्ञावली किंचाळ्यांच्या रूपाने फितीवर असे. हेडचा फितीशी असणारा कोन थोडा ढळला किंवा आवाज थोडा कमीजास्त झाला, की काही मिनिटांच्या प्रतीक्षेनंतर काहीच हाती लागत नसे. ज्या टेपरेकॉर्डरवर नाट्यगीत बिनतक्रार ऐकले जाई, तोच येथे नापास होई. मनुष्याचा कान सदोष पाठ समजुतीने वाचतो. यंत्र तशी समजूत दाखवीत नाही. बारीक पेचकसाने हेडचा कोन जुळविणारी मुले एका अर्थी पाठशुद्धीच करीत होती.

आज या धुना ज्या मोठ्या संग्रहांत जतन केल्या आहेत, त्यांत हाय व्होल्टेज सिड कलेक्शन हा प्रमुख होय. त्यात पन्नास हजारांहून अधिक धुना आहेत. या संग्रहात ध्वनी नाही, आज्ञावल्या आहेत. प्रत्येक फाइलच्या आरंभी कर्त्याचे नाव, वर्ष आणि धून कोणत्या चिपसाठी व कोणत्या घड्याळासाठी आहे याची नोंद करण्याची सोय आहे. जुन्या पोथीच्या पुष्पिकेचे काम ती नोंद करते आणि संग्राहकांची ही दृष्टी निःसंशय स्तुत्य आहे. परंतु पुष्पिकेत चिपची जात मिळते, व्यक्ती मिळत नाही. डाग लेम यांच्या रीसिडसारख्या अनुकरण-आज्ञावल्या प्रत्यक्ष चिपच्या मोजमापांवर आधारलेल्या आहेत. तरीही ज्या नगांची मोजमापे घेतली ते संगीतकाराच्या टेबलावरचे नग नव्हेत. अशा वेळी ‘प्रमाण’ म्हणून जो आवाज ऐकविला जातो तो एक सोयीस्कर, मधला पाठ असतो. तो कोणत्याही एका घरात तसाच वाजला असेलच असे नाही. महाभारताच्या चिकित्सक पाठावरही हाच आक्षेप घेण्यात आला आहे. फरक इतकाच की तेथे पाठभेद तळटीपांत नोंदले आहेत, येथे त्यांची नोंद कोठेच होत नाही.

म्हणूनच त्या काळी काढलेल्या घरगुती कॅसेटींकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. संगणकाचा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून घेण्याची हौस अनेकांना होती. या कॅसेटींची गती चुकीची असते, तिच्यात हेलकावे असतात, तार स्वरांश गळलेले असतात; त्यामुळे अचूक आज्ञावली हाती असताना त्या जपण्याचे कारण नाही, असे मानण्याकडे कल दिसतो. हा समज चुकीचा आहे. विशिष्ट नगाच्या गाळणीची साक्ष देणारे पुष्कळदा तेवढेच एक साधन उरते. आज्ञावली उपलब्ध असल्याने प्रत्येक क्षणी कोणता स्वर किती कंपनांचा असावयास हवा हे आधीच ठाऊक आहे; तेव्हा कोपलँड आणि लाँग यांच्या रीतीने कॅसेटची गती क्षणाक्षणाला मोजून सुधारता येईल. अडचण तार स्वरांशांची आहे, कारण ते फितीने गिळले की गाळणीने अडविले हे नुसत्या ऐकण्यावरून कळत नाही. तथापि सिडमध्ये एक आवाज गाळणीतून आणि दुसरा गाळणीला वगळून नेता येतो. ज्या धुनेत असा मोकळा सोडलेला आवाज आहे, तेथे फितीने काय गमावले हे त्या आवाजावरून मोजावे आणि तेवढे वजा जाता जे उरेल ते त्या नगाच्या गाळणीचे समजावे. जेथे तिन्ही आवाज गाळणीतून नेले आहेत, तेथे हा मार्ग बंद होतो. तेथे त्याच संगणकावर, त्याच कॅसेटवर मुद्रित झालेली दुसरी एखादी धून शोधणे एवढेच संपादकाच्या हाती राहते.