'स्वामी'तील सती आणि चांद्याची राणी

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. थोरल्या माधवरावांची ही शोककथा मराठी वाचकाने मनापासून आपली मानली. तथापि तिचा शेवट पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे पेशव्यांचे निधन झाले व रमाबाई सती गेल्या, ही इतिहासातील घटना होय; तिच्याबद्दल कादंबरीकारास दोष देता येत नाही. प्रश्न आहे तो त्या घटनेस दिलेल्या अर्थाचा. चितेचा प्रसंग येथे प्रेमाची परिपूर्ती होऊन येतो. वाचकाचे डोळे पाणावतात. मन मात्र प्रश्न विचारीत नाही.

या परिणामात भाषेचा वाटा मोठा आहे. 'सती' हे 'असणे' या अर्थाच्या संस्कृत धातूपासून सिद्ध झालेल्या 'सत्' या कृदंताचे स्त्रीलिंगी रूप. व्युत्पत्तीने जी 'आहे', तीच रूढीने 'न उरलेली' ठरली. 'सती जाणे' या प्रयोगात क्रियापद अकर्मक आहे आणि जाणारी स्त्री हीच कर्ता. चिता रचणारे, ती पेटविणारे व भोवती उभे राहणारे यांना वाक्यात स्थानच नाही. 'स्वामी' या शीर्षकातही राज्याचा धनी व पत्नीचा धनी हे दोन अर्थ मिसळतात, आणि पहिल्याची थोरवी नकळत दुसऱ्यास चिकटते.

काळाने दुसरा मार्गच ठेवला नव्हता, हे समर्थन टिकत नाही. गोपिकाबाई १७६१ नंतर वैधव्यात जगल्या. पानिपतानंतर पार्वतीबाईंनी पती गेल्याचे मान्यच केले नाही. १७५४ साली सासऱ्यांनी सती जाण्यापासून परावृत्त केलेल्या अहल्याबाई होळकरांचा कारभार १७६७ साली खुद्द माधवरावांनीच मान्य केला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकास तर आणखी जवळचे उदाहरण आहे. चांद्याच्या गोंड राजघराण्यातील राणी हिराई हिने राजा बीरशहाच्या मृत्यूनंतर सहगमन केले नाही. तिने रामशहास दत्तक घेतले, त्याच्या बालपणी राज्य चालविले आणि अचलेश्वर मंदिराशेजारी पतीची समाधी उभारली. पतिप्रेमाची साक्ष येथे दगडात आहे, राखेत नाही. अर्थात तिलाही सत्ता लाभली ती दत्तक पुत्राच्या नावाने, हे विसरता येत नाही.

१९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरविले. कादंबरीस कायद्याचे माप लावणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु करुणरस उत्कट झाला की विवेकाची गरज संपते, असेही नव्हे. 'स्वामी'चे कलागुण मान्य करूनच एवढे म्हणावे लागते की, माधवरावांच्या अंतरंगात शिरणारी ही लेखणी रमाबाईंच्या भयापाशी येऊन थबकली आहे.