'अ सी ऑफ स्टेप्स' : प्लॅटिनम मुद्रण आणि 'शुद्ध' छायाचित्राची संकल्पना

फ्रेडरिक एच. इव्हान्स (१८५३–१९४३) या इंग्रज छायाचित्रकाराचे नाव 'शुद्ध' छायाचित्रणाशी जोडले जाते. निगेटिव्हवर कोणतेही संस्कार न करता ती जशीच्या तशी मुद्रित करावी, हा त्याचा आग्रह होता. मात्र शुद्धता म्हणजे निवडीचा अभाव, असे मानल्यास त्याची कला अर्धीच आकळते. १९०३ मधील 'अ सी ऑफ स्टेप्स' या छायाचित्राच्या आधारे ही मर्यादा स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

वेल्स कॅथेड्रलमधील झिजलेला दगडी जिना हा या चित्राचा विषय. पायऱ्या लाटांसारख्या वर चढतात व त्यांचा एक प्रवाह उजवीकडे चॅप्टर हाऊसकडे वळतो. हा लाटांचा भास करड्या छटांतील अतिसूक्ष्म भेदांवर उभा आहे. आणि हे भेद प्लॅटिनम मुद्रणामुळे टिकतात. विल्यम विलिसने १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या या प्रक्रियेत फेरिक ऑक्झलेट व प्लॅटिनमचा क्षार हे संवेदक द्रव्य असते. प्रकाशाने फेरिकचे फेरस होते आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या विकासकात ते प्लॅटिनमला धातुरूप देते. जिलेटिनचा थर नसल्याने प्रतिमा कागदाच्या तंतूंतच वसते. विकासक तापविल्यास छटा उबदार होते. संवेदकात क्लोरेट वाढविल्यास छायाप्रकाशाचा विरोध तीव्र होतो. म्हणून एका वेळी एकच घटक बदलून पट्ट्यांवर चाचणी घ्यावी लागते. तयार कागद विकत घेणाऱ्यालाही कागद, प्रकाशनाचा काळ व विकासकाचे तापमान यांची निवड चुकत नाही. निगेटिव्ह अस्पर्श राहिली, तरी मुद्रण निर्णयांविना होत नाही.

येथे समीक्षेची अडचण उद्भवते. आपल्याकडील बहुतेक अभ्यासकांना हे चित्र पुस्तकातील छापील प्रतिकृतीतून भेटते. तीत शाईची छटा असते, प्लॅटिनमची नव्हे. परिणामी रचनेची चर्चा होते आणि छटांविषयीचे विधान मात्र प्रतिकृतीच्या भरवशावर केले जाते. अशा विधानास प्रमाण मानता येणार नाही.

याचा अर्थ रसायन हेच सर्वस्व, असा नव्हे. सामान्य दृश्य उत्तम प्लॅटिनमवर छापले, तरी ते सामान्यच राहील; जिन्यात समुद्र पाहणारी दृष्टी इव्हान्सचीच होती. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम कागद दुर्मीळ झाल्यावर त्याने छायाचित्रण जवळजवळ थांबविले. दृष्टी शाबूत असताना माध्यम हरपले. त्याची शुद्धता द्रव्याशी किती निगडित होती, याचा याहून बोलका पुरावा नाही. छायाचित्राच्या समीक्षेने प्रतिमेइतकेच मुद्रणालाही संहितेचे स्थान देणे म्हणूनच अगत्याचे ठरते.