रूपांतर आणि पुनर्निर्मिती : ‘सैराट’च्या निमित्ताने

जबलपूरच्या अधारताल वस्तीत जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांना चित्रपटाच्या बाबतीत एक सोय लाभली आहे, आणि तीच त्यांची अडचणही आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांचा व्यवहार. भोसल्यांच्या अमलापासून आणि पुढे कचेऱ्या, रेल्वे, तोफगाडीचा कारखाना, कृषी विद्यापीठ यांच्या निमित्ताने ही घरे येथे रुजली. १९५६ पर्यंत तर नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे एखादा मराठी चित्रपट हिंदीत पुन्हा निघाला, की या प्रेक्षकाला तो दोनदा भेटतो आणि दोहोंमधील अंतर त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. अडचण अशी की हे अंतर पिढीगणिक पुसट होत चालले आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरातील धाकट्या मंडळींनी २०१८ मध्ये ‘धडक’ आधी पाहिला आणि २०१६ चा ‘सैराट’ त्यानंतर, तोही उपशीर्षकांचा आधार घेऊन. मूळ कोणते आणि अनुकृती कोणती, हा क्रम त्यांच्यापुरता उलटा झाला आहे.

मुख्य प्रवाहातील चित्रपटाची मौलिकता आटली आहे, अशी तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. यशस्वी चित्रपटाचे हक्क विकत घ्यावेत, पात्रांची नावे व गावे बदलावीत आणि तेच कथानक नव्या भाषेत उभे करावे, हा रिवाज हिंदीत तरी पक्का झाला आहे. तक्रार खोटी नाही. परंतु ती बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवते. कथानक दुसऱ्याचे असणे हा दोष मानला, तर भारतीय चित्रपटाचा आरंभच सदोष ठरेल. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो सर्वज्ञात पुराणकथेवर, आणि १९१७ मध्ये तीच कथा त्यांनी पुन्हा चित्रित केली. मराठी बोलपटाची वाट ज्याने उघडली, तो ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हाही हरिश्चंद्राचाच. तो मराठीबरोबरच हिंदीतही निघाला. पुढे ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) या जोड्यांनी द्विभाषिक निर्मितीचा पायंडाच पाडला. मात्र या जोड्यांमागे एकच दिग्दर्शक होता आणि एकच दृष्टी होती. एका प्रश्नाने पछाडलेला माणूस तोच प्रश्न दोन भाषांत मांडत होता.

मराठीला या बाबतीत चित्रपटाहून जुना अनुभव रंगभूमीचा आहे. ‘भाषांतर’ आणि ‘रूपांतर’ हे दोन शब्द आपण वेगळे ठेवले, ते काही उगीच नव्हे. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०) लिहिले. मोलिएरच्या एका प्रहसनाचा धागा त्यांच्याच हातून ‘संशयकल्लोळ’पर्यंत आला. संशयाने पोळलेला फाल्गुनराव फ्रेंच आहे असे कोणाही मराठी प्रेक्षकाला कधी वाटले नाही. कारण देवलांनी पात्रांना मराठी नावे दिली ती शेवटी. त्याआधी मराठी संसारात, मराठी बोलण्यात आणि मराठी मत्सरात ती पात्रे बसतात की नाही, हे त्यांनी पारखून घेतले. आणि याच देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ हे स्वतंत्र नाटक लिहिले. म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी हा विषय त्यांना परक्या संहितेत शोधावा लागला नाही. तो गावोगाव समोर होता. दुसऱ्याच्या नाटकाशी इतकी झुंज घेतलेली लेखणी होती, म्हणूनच तो त्यांना पेलला, असे म्हणण्यास जागा आहे. रूपांतर ही त्या काळी एक शाळा होती.

चित्रपटातही या शाळेतून निघालेली उदाहरणे आहेत. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन बोलपटावरून स्फुरला. त्या बोलपटामागेही हाइन्रिक मान यांची कादंबरी होतीच. प्रतिष्ठित शिक्षक एका गाणाऱ्या बाईच्या नादाने रसातळाला जातो, एवढा सांगाडा जर्मन आहे. परंतु ‘पिंजरा’त मास्तर मेला असे गाव समजते, त्याचा पुतळा उभारते, आणि जिवंत मास्तरावर त्या आदर्श मास्तराच्या खुनाचा आरोप येतो. माणसाला गिळून त्याची मूर्ती पुजणारे हे गाव कोठून आले? ते स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचे आहे. शाळामास्तराला देवत्व देणाऱ्या आणि तमाशाकडे चोरून पाहणाऱ्या समाजाचे आहे. ‘पिंजरा’तील भाबडा उपदेश आज अंगावर येतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि ऋण घेताना त्याने मूळ कृतीत भर घातली, हेही तितकेच खरे.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे हलक्याफुलक्या जातीचे उदाहरण. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ (१९६६) हा त्याचा आधार, आणि त्याच्याही मागे एक बंगाली चित्रपट. ही उसनवारी ठाऊक नसणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्याचे श्रेय वसंत सबनीस यांच्या संवादांना द्यावे लागेल. ‘विच्छा माझी पुरी करा’सारख्या लोकनाट्याच्या या लेखकाने भाड्याच्या खोलीसाठी चाललेली धडपड पुण्याच्या घरमालकांच्या स्वभावात मुरवली. पुरुषाने लुगडे नेसणे म्हटले की बालगंधर्वांच्या रंगभूमीची आठवण येणार, आणि त्या आठवणीवरचा विनोद उसना आणता येत नाही. त्याच दशकात आणि नंतर निघालेल्या काही मराठी चित्रपटांची गोष्ट निराळी आहे. ‘धूमधडाका’ (१९८५) तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’च्या वळणावर, ‘झपाटलेला’ (१९९३) अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’च्या वळणावर. यांतील करमणूक नाकारण्याचे कारण नाही. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तर एका पिढीची झोप उडवली. पण त्यांची चर्चा येथे लांबवण्याचेही कारण नाही.

आता ‘सैराट’. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये प्रदर्शित झाला आणि सव्वादोन वर्षांच्या आत कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली व हिंदी अशा पाच भाषांत पुन्हा काढला गेला. कन्नड आवृत्तीत तर नायिका म्हणून रिंकू राजगुरूच होती. मराठी कथेची एवढी मागणी अभूतपूर्व होती, आणि त्या वेळी आपण सर्वांनी तिचे कौतुक केले. मागणी कशाची होती, हे विचारण्याचे राहून गेले. श्रीमंताची मुलगी, गरिबाचा मुलगा, पलायन, सूड : हे कथानक तर सर्वच भारतीय भाषांकडे आधीपासून होते. ते विकत घेण्याची गरज नव्हती. विकत घेतले गेले ते यशाचे प्रमाणपत्र. निर्मात्यांच्या यादीतही हे दिसते. ‘सैराट’मागे उभी असलेली झी स्टुडिओज ही संस्था ‘धडक’मागेही धर्मा प्रॉडक्शन्ससमवेत होती. एकाच शेतात दुसरे पीक काढावे, तसा हा प्रकार.

शशांक खेतान दिग्दर्शित ‘धडक’मध्ये काय गळले, ते क्रमाने पाहता येते. पहिली गळाली ती बोली. आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत हुकूम सोडते. बुलेट आणि ट्रॅक्टर यांवर तिची जेवढी हुकमत, तेवढीच त्या बोलीवर. गावातील सत्ता तिच्या जिभेवर आहे. उदयपूरच्या पार्थवीच्या तोंडी राजस्थानी हेल आहे, पण तो पोशाखासारखा वरून चढवलेला वाटतो. अजय-अतुल यांचे संगीत दोन्हीकडे आहे, ‘झिंगाट’ही दोन्हीकडे आहे, चाल तीच राहिली आणि तिच्याखालची जमीन गेली.

दुसरी गळाली ती जात. ‘सैराट’मध्ये जातीवर भाषण नाही, आणि तरीही ती प्रत्येक चौकटीत आहे : मासेमारी करणाऱ्या परश्याच्या घरात, विहिरीवरच्या पोहण्यात, पाटलाच्या पोराने भर वर्गात शिक्षकाच्या मुस्काटात मारली तरी त्याच्या केसालाही धक्का लागत नाही त्यात. ‘धडक’मधील मधुकरच्या बापाचे तलावाकाठी हॉटेल आहे. जातीचा उल्लेख येतो तो ओझरता, जणू माफी मागून. तिच्या जागी आले आहे नायिकेच्या बापाचे राजकारण. आशुतोष राणा यांनी तो बाप ताकदीने उभा केला आहे. शेजारच्या गाडरवाऱ्याचा हा नट, म्हणून आम्हा जबलपूरकरांना त्याचे थोडे अधिक अप्रूप, हे कबूल करतो. पण एका माणसाच्या क्रौर्याने जातीचे काम भागत नाही. क्रूर माणूस हरवता येतो किंवा टाळता येतो. जात अशी टाळता येत नाही, कारण ती चांगल्या माणसांच्या हातूनही आपले काम करून घेते.

तिसरी गळाली ती हैदराबादची झोपडपट्टी. ‘सैराट’ पावणेतीन तासांहून मोठा आहे, ‘धडक’ सुमारे सव्वादोन तासांचा. जी कात्री लागली ती मुख्यतः येथे. सोलापूर जिल्ह्यातून पळालेली पोरे हैदराबादला जातात, यात भूगोल आहे. तेलुगू वस्ती सोलापुरात पिढ्यानपिढ्या आहे, आणि गाडीही तिकडेच जाते. तेथे गेल्यावर आर्चीची बोली निकामी होते. कालपर्यंत जिच्या शब्दासरशी माणसे हलत, तिला घाणीत, परक्या भाषेत, बाटल्यांच्या कारखान्यात मजुरी करीत एकेक शब्द मिळवावा लागतो. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, संशय घेतो, हात उगारतो; ती निघून जाते आणि परतते. प्रेमाला संसाराचा चटका बसतो तो याच भागात, आणि स्त्रीची कहाणी येथेच सुरू होते. मंजुळे यांनी प्रेक्षकांचा संयम ताणून हा भाग लांबवला. उदयपूर ते कोलकाता या प्रवासाला मात्र कसलाही आधार नाही. शहर नकाशावर बोट ठेवून निवडल्यासारखे वाटते, आणि तेथील दारिद्र्य नीटनेटके आहे.

राहिला शेवट. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांना चहा देते, आणि दोघेही मारले जातात. उरते ते अजाण मूल, त्याची रक्ताळलेली पावले आणि ध्वनीच काढून घेतलेला पडदा. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी जिवंत राहते. वरवर पाहता हा धक्का देण्याच्या पद्धतीतील बदल आहे. वस्तुतः अर्थच पालटला आहे. आपल्याच लेकीचा गळा कापणारे कुळ तिच्या देहाला जातीची मालमत्ता समजते, आणि मालमत्ता भ्रष्ट झाली की नष्ट करते. लेकीला वगळून जावयाला मारणारे कुळ केवळ सूड घेते. पहिल्याचा विचार करताना प्रेक्षकाला स्वतःच्या घराकडे पाहावे लागते. दुसऱ्यात खलनायकाचा द्वेष केला की मोकळे होता येते.

येथे एक अपवाद नोंदवणे न्यायाचे ठरेल. २०२५ मध्ये शाझिया इक्बाल यांचा ‘धडक २’ आला. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’ (२०१८) या तमिळ चित्रपटाची ही पुनर्निर्मिती. आधीच्या ‘धडक’शी तिचे नाते नावापुरते. परंतु जात तेथे उघडपणे बोलली जाते. म्हणजे पुनर्निर्मितीला हे जमतच नाही असे नव्हे. पहिल्या वेळी ते टाळले गेले.

आणि हिंदीला दोष देताना मराठीने आपला हिशेबही तपासावा. २०१५ चा ‘क्लासमेट्स’ मल्याळममधून आला. २०२२ चा ‘वेड’ तेलुगू ‘मजिली’वरून, आणि मराठीत सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या चित्रपटांत त्याची गणना झाली. ज्या भाषेने ‘श्वास’, ‘फँड्री’ आणि ‘कोर्ट’ दिले, तिच्यातही सिद्ध झालेले यश आयात करणे हाच सुरक्षित मार्ग ठरू लागला आहे. देवलांच्या हाती रूपांतरानंतर ‘शारदा’ आली. आजच्या पुनर्निर्मितीनंतर बहुधा पुढची पुनर्निर्मिती येते.

आमच्याकडे ‘सैराट’ पाहून झाल्यावर घरातील सर्वांत धाकट्या मुलीने विचारले, पार्थवी वाचली, मग आर्चीला का मारले? प्रश्न हिंदीत होता. मी मराठीत उत्तर देऊ लागलो, जातीपाशी येऊन अडखळलो, आणि शेवटी चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला. या खेपेस ती वर्गातल्या त्या प्रसंगाला थांब म्हणाली.