पीठ घेईल तेवढे

आत्याच्या वहीत घावनाची कृती चार वाक्यांत संपते. तांदूळ धुवून, वाळवून दळून आणावे. पीठ घेईल तेवढे पाणी घालून सरसरीत करावे. बिडावर घालून झाकण ठेवावे. रसाबरोबर वाढावे.

ही मालवणची वही माझ्याकडे आली तेव्हा खाद्यलेखनाच्या एका इंग्रजी संकलनासाठी मी मराठी मजकूर शोधत होते. वहीतल्या काही कृती मी अनुवादित केल्या. त्यांतल्या या एका कृतीत माझ्या दोन चुका झाल्या. पाककृती हा लेखनप्रकार कसा वाचावा, हे मला तौलनिक साहित्याच्या वर्गापेक्षा त्या चुकांनी जास्त शिकवले.

पहिली चूक पाण्याची. ‘पीठ घेईल तेवढे’ हे संपादकांना मोघम वाटले. त्यांना आकडा हवा होता. मी इथे बंगळुरात, शिवाजीनगरच्या घरी, एक वाटी पिठाला किती पाणी लागते ते मोजले आणि लिहिले. पुस्तक निघाल्यावर एका मैत्रिणीने त्या मापाने घावन केले. ते जाड झाले, जाळी पडलीच नाही. तिचे पीठ जुन्या तांदळाचे होते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नवा कमी. माझा आकडा माझ्या डब्यातल्या पिठापुरता खरा होता. आत्याचे वाक्य मात्र दोन्ही पिठांना लागू पडत होते.

मग मी ते वाक्य पुन्हा वाचले. ‘घेईल’चा कर्ता पीठ आहे. किती पाणी हे पीठ ठरवते. करणारीने त्याच्याकडे बघत थांबायचे. माझ्या इंग्रजी वाक्यात वाचकाला थेट आज्ञा होती, आणि पीठ मुकाट कर्म होऊन बसले होते. ‘घालावे’, ‘करावे’, ‘वाढावे’ या विध्यर्थी रूपांचेही तेच झाले. त्या रूपांत कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. रीत काय, एवढेच ती सांगतात. ‘सरसरीत’ तर कानाने कळणारा शब्द. त्याच्या जागी मी ‘पातळ’ या अर्थाचा शब्द ठेवून मोकळी झाले होते.

लिखित पाककृतीचा इतिहास बहुधा अंदाजाकडून प्रमाणाकडे झालेली प्रगती म्हणून सांगितला जातो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मंडक आणि धोसक संस्कृत श्लोकांत येतात. सोळाव्या शतकात मंगरसाने कन्नडमध्ये ‘सूपशास्त्र’ रचले, तेही पद्यात. 1875 मध्ये त्याच नावाचे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे मराठी पुस्तक छापून आले. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टनने (ती स्वतः कवयित्री होती) 1845 मध्ये जिन्नस आणि त्यांची मापे कृतीच्या शेवटी वेगळी मांडली. इसाबेला बीटनच्या 1861 च्या पुस्तकात ती कृतीच्या वर आली. 1896 मध्ये बॉस्टनच्या फॅनी फार्मरने कप काठोकाठ सपाट करून मोजायला शिकवले. आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने मराठी घरांत वाटी-चमच्याचे माप रुजवले.

या क्रमात मला दिसतो तो बदलत गेलेला वाचक. श्लोकातली कृती वाचून कोणी राजवाड्यातला आचारी स्वयंपाक शिकत नसावा. त्याला तो येतच होता. ‘रुचिरा’ हाती घेणारी मुलगी आईपासून दूर, नव्या शहरात असू शकत होती. जाणते माणूस जितके दूर, तितके जास्त लिहावे लागते. त्यातही वाटी हे शहाणे माप आहे. ते मुळात गुणोत्तर सांगते: वाटी कोणतीही घ्या, कृती संपेपर्यंत तीच ठेवा. मी वाटीचे मिलिलिटर केले आणि तेही घालवले.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. ‘रस’ या शब्दापाशी मी क्षणभरही अडले नाही. मी लहानाची मोठी शिवाजीनगरात झाले. मे महिन्यात रसेल मार्केटमधून रसपुरी आंबे यायचे, शेजारच्या कन्नड घरातून सीकरणे यायचे. आंबा आणि दुधाचे ते सीकरणे आणि आपले केळ्याचे शिकरण ही एकमेकांची भावंडे. आमच्या घरात रस म्हणजे आंब्याचा. तेव्हा इंग्रजीत घावन आंब्याच्या रसाबरोबर छापले गेले. संपादकांना जोडी फार आवडली. शीर्षकातही आंबा आला.

आत्याला पुस्तक दाखवले. तिने चित्र पाहिले आणि विचारले, “आंबा कुठून आला?” मालवणात घावनाबरोबर रस असतो तो नारळाचा: नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची. वहीत ‘नारळाचा’ लिहायची तिला गरज नव्हती. ती वही तिच्या सुनेसाठी होती, माझ्यासाठी नव्हती.

म्हणजे जिथे मला मजकूर मोघम वाटला तिथे तो अचूक होता, आणि जिथे स्वच्छ वाटला तिथेच एक शब्द गाळलेला होता. आता एखादी कृती अनुवादाला घेताना मी आधी विचारते: ही कोणासाठी लिहिली, आणि त्या माणसाला काय सांगायची गरज नव्हती?

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी दुरुस्त्या पाठवल्या आहेत. पाणी पुन्हा पिठाच्या हाती दिले आहे. पळीतून पीठ कसे सांडले म्हणजे झाले, ते एका वाक्यात जोडले आहे. नारळ परत आला आहे. आंब्याचा रस मात्र आमच्या घरी घावनाबरोबर अजून होतो. गेल्या मे महिन्यात आत्या आली होती. तिने दोन घावने खाल्ली आणि म्हणाली, “बरं लागतंय. पण माझ्या नावावर घालू नकोस.”